बुरशी जिथं जात नव्हती

१

मास्तरांच्या घराला त्या महिन्यात घड्याळाची गरज उरली नव्हती. मावशीचं दुखणंच वेळ सांगत होतं. सहाला चहा, सातला गोळ्या, अकराला व्यायाम करून घेणारी मुलगी, आणि दुपारी दोन ते चार पडदा ओढून विश्रांती. हाच पडदा बदलायला म्हणून मावशी स्टुलावर चढली होती आणि पडद्यासकट खाली आली होती. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत धातूचा सांधा बसवला, दोन महिन्यांत जिना उतराल म्हणाले, आणि मास्तरांनी कॉलेजातून रजा घेतली.

मावशी म्हणजे मास्तरांची आईच. जन्म देणारी गेली तेव्हा ते चार वर्षांचे होते. मावशीनं शाळांचे गणवेश शिवून त्यांना वाढवलं, आणि ते जीवशास्त्र शिकवायला लागले त्या दिवसापासून त्यांना नावानं हाक मारणं सोडून दिलं. "मास्तर" म्हणायची, त्यात अर्धा अभिमान, अर्धी टिंगल. मास्तरांनी लग्न केलं नाही आणि का नाही ते तिनं कधी विचारलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत दोघं एकमेकांच्या खोड्या काढत सुखानं राहत होती.

तिच्या आतल्या चिंचोळ्या खोलीत वॉकर वळेना, म्हणून तिची खाट बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून आली. खाटेच्या अलीकडे शिलाई मशीन आणि त्याच्या शेजारी मास्तरांचं टेबल. सुट्टीनंतर अकरावीच्या मुलांसाठी त्यांना एक नवा प्रयोग बसवायचा होता: फुलझाड आणि श्लेष्मबुरशी यांची तुलना. टेबलावर कुंडीत फुललेला तेरडा होता. बाजूला पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, काचेच्या बशीत पिवळीधमक श्लेष्मबुरशी. आणि मधोमध उभी रेघ मारलेली वही.

मावशीला आयती करमणूक झाली.

"ते पिवळं म्हणजे नक्की काय रे? सांडलेल्या अंड्यासारखं दिसतंय."

"नावाला बुरशी, पण खरी बुरशी नाही. वनस्पती नाही, प्राणीही नाही. मेंदू नाही, डोळे नाहीत, तरी सरकत जाऊन खाणं शोधतं. ओट्सचा दाणा ठेवला की तासाला बोटभर चालून येतं."

"आणि झाड?"

"झाड जागचं हलत नाही. पण उजेडाकडे वळतं. हे पिवळं उजेडापासून पळतं. सगळंच उलट. म्हणून तर तुलना."

मावशीनं दोन्हींकडे पाहिलं. "म्हणजे झाड मी," ती म्हणाली, "पडल्या जागी पडून. आणि ते तू. खाण्याचा वास आला की सरकत येतोस."

मास्तर हसले आणि वहीत 'हालचाल' असा रकाना भरायला लागले.

२

चूक तिसऱ्या दिवशी दिसली. चूक म्हणजे तरी काय, बशीतला एक कोपरा.

मास्तरांनी आदल्या दिवशी ताज्या बशीत मधोमध बुरशीचा कण ठेवला होता आणि कडेनं सारख्या अंतरावर ओट्सचे आठ दाणे. सकाळी खोकं उघडलं तर बुरशीनं पाच दाणे गाठले होते. तिचं पिवळं जाळं पंख्यासारखं पसरलं होतं. पण खाटेकडच्या बाजूचे तीन दाणे तसेच कोरडे होते. बुरशी त्या दिशेला थोडी गेली होती, आणि मग सरळ रेघ आखल्यासारखी थांबून मागे फिरली होती.

असं ती बहुतेक एकाच कारणानं करते, हे मास्तर वीस वर्षं शिकवत आले होते. श्लेष्मबुरशी जिथून जाते तिथं चिकट माग ठेवते. पुढं कधी तो माग लागला की तिथं जाऊन झालंय, तिथं काही नाही, असं समजून वळते. डोकं नसलेल्या जिवाची ही आठवण. डोक्यात मावत नाही म्हणून जमिनीवर ठेवलेली.

पण ही बशी त्यांनी काल पाकीट फोडून काढली होती. तिथं आधी कोण गेलं असणार?

त्यांनी बशी बदलली. दाणे बदलले. खोकं उलटं फिरवलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा खाटेकडची बाजू कोरडी. खोलीचं तापमान असेल, त्यांनी स्वतःला समजावलं. फटीतून उजेड येत असेल. त्यांनी खोक्याला काळा कागद चिकटवला आणि तिसऱ्या सकाळी तेच पाहिलं.

मग त्यांची नजर तेरड्याकडे गेली. खिडकी खाटेच्या पलीकडे होती; रोपानं खाटेकडे झुकायला हवं होतं. ते पाठ फिरवून उभं होतं. देठ भिंतीकडे, अंधाराकडे वाकले होते. प्रत्येक फुलानं मान तिकडे घातली होती.

मास्तरांनी वही ओढली. दोन्ही रकान्यांत आतापर्यंत एकही नोंद सारखी नव्हती. आता पहिल्यांदाच दोन्हीकडे एकच वाक्य लिहावं लागणार होतं: खाटेच्या दिशेला जात नाही.

त्यांनी ते लिहिलं नाही. वही मिटली.

३

याच दिवसांत मावशीचं जेवण तुटलं. दोन घास खाऊन ताट सरकवायची. व्यायाम करून घेणारी मुलगी गोड बोलून, प्रसंगी दरडावून तिला उभी करायची, पण मावशी चार पावलांवर बसकण मारायची.

"आजी, सांधा अगदी व्यवस्थित आहे. तुम्हीच मनावर घेत नाही," ती म्हणाली, आणि जिन्यापाशी मास्तरांना हळूच सांगितलं, "सर, वजन उतरतंय. असंच चाललं तर त्या अंथरुणातून उठायच्या नाहीत."

मास्तर आत आले आणि खाटेवर टेकले.

"काय झालंय? खरं सांग."

"काही नाही."

"मावशी."

तिनं चादरीची कड चिमटीत धरून दुमडली, जशी ती कापडाची करायची. "तू म्हणशील म्हातारी भ्रमिष्ट झाली. गोळ्यांचंच असेल. दुपारी पडदा ओढलास की कोणीतरी येतं."

"कोण?"

"कोणी म्हणजे माणूस नव्हे. ओलं फडकं फरशीवरून ओढत आणावं, तसा आवाज येतो. दारापासून. थोडा पुढे येतो, थांबतो, मागे जातो, परत पुढे. घाई नाही त्याला. मग पावलांना गार लागतं." तिनं दुमडलेली कड सोडली. "आधी नुसती बोटं. काल घोट्यापर्यंत आलं."

"मला हाक का नाही मारलीस? मी आत तर असतो."

"मारली. तोंड हललं, आवाज निघाला नाही."

भूतबीत मानणारी बाई नव्हती ती. अमावास्येला नवं कापड कापू नये म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तिनं त्याच दिवशी कापून दिलं होतं. मास्तरांनी गोळ्यांच्या पाकिटातला कागद काढून बारीक अक्षरातले दुष्परिणाम वाचले. भास होणं त्यात होतं. त्यांना हायसं वाटलं, अगदी मिनिटभर. मग मनात आलं की गोळ्या मावशी घेते. तेरडा घेत नाही.

४

दुसऱ्या दिवशी अकराचा व्यायाम उरकल्यावर मास्तरांनी घरातली सगळी झाकणं गोळा केली. औषधाच्या बाटल्यांची, बरण्यांची, चटणीच्या डब्यांची. प्रत्येकात पातळ अगार, म्हणजे प्रयोगशाळेतली जेली, ओतून थिजवला, मधे बुरशीचा कण, कडेनं ओट्सचे चार दाणे. एकतीस झाकणं त्यांनी बाहेरच्या खोलीभर हात-हात अंतरावर मांडली आणि उजेड नको म्हणून प्रत्येकावर वाटी पालथी घातली.

"हे काय मांडलंयस?" मावशी म्हणाली. "पंगत बसायची आहे का उंदरांची?"

किती दिवसांनी ती असं काही बोलली होती.

सकाळी चहाच्या आधी त्यांनी मावशीचा शिवणाचा खडू घेतला आणि एकेक वाटी उचलायला सुरुवात केली. खोलीच्या उजव्या कडेला बुरशी चारही दाण्यांवर पसरली होती. डाव्या कडेलाही. पण दारासमोरच्या झाकणात ती एका अंगाला चिकटून बसली होती. त्याच्या पुढच्या झाकणात तसंच. जिकडे बुरशी जात नव्हती तिकडे मास्तर फरशीवर खडूनं रेघ मारत गेले आणि रेघा एकमेकींना जोडत गेले.

गुडघे दुखायला लागले तेव्हा ते उठले आणि मागे सरून त्यांनी पाहिलं.

दाराच्या फटीपासून हातभर रुंदीचा एक पट्टा आत आला होता. शिलाई मशीनपाशी त्याला फाटे फुटले होते. एक फाटा मशीनच्या पायट्याभोवती फिरून परतला होता, एक टेबलाच्या पायापाशी जाऊन परतला होता. परतलेले सगळे मिळून पुन्हा एक झाले होते, आणि खाटेच्या पायथ्याशी पंख्यासारखे उघडले होते.

ही आकृती मास्तरांना ओळखीची होती. फळ्यावर ती त्यांनी दर वर्षी काढली होती. फक्त कधी वीतभरापेक्षा मोठी काढली नव्हती.

मावशी कोपरावर टेकून बघत होती. तिनं आयुष्यभर खडूच्या रेघा वाचल्या होत्या. तिला समजावून सांगायची वेळ आली नाही.

"शोधतंय," ती म्हणाली.

५

"आपण इथून जायचं. आजच," मास्तर म्हणाले.

"दोन जिने? मला काय गाठोड्यासारखं पाठीवर मारणार आहेस?"

ते खरं होतं. चुकीचं उचललं तर सांधा निखळेल, अशी त्या मुलीनं पहिल्याच दिवशी ताकीद दिली होती. मास्तरांनी रुग्णवाहिकेला फोन लावला. खुर्ची आणि दोन माणसं मिळतील, पण पाच वाजता, असं उत्तर आलं. त्यांनी आणखी तीन ठिकाणी फोन केले. कुठंच त्याआधी जमेना.

दुपारचे दोन वाजले. पडदा मास्तरांनी उघडाच ठेवला. समोरच्या इमारतीची सावली तरीही नेहमीसारखी खोलीत उतरली. त्यांनी खाटेशेजारी खुर्ची ओढली आणि मावशीचा हात हातात घेतला. सुईच्या टोचण्यांनी निबर झालेली तिची बोटं गार पडली होती.

"रेडिओ लावू?"

"नको. ऐकू येऊ दे."

खालच्या रस्त्यावर कोणी लोखंडी दरवाजा ओढला. स्वयंपाकघरात फ्रीज गुरगुरला आणि थांबला. त्यानंतरच्या शांततेत दाराशी ओला, सावकाश आवाज झाला. पुढे आला. थांबला. मागे गेला. मास्तरांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं: मिनिटभर पुढे, थोडा दम, मिनिटभर मागे. बुरशीच्या नसांतून रस याच तालात वाहतो. सूक्ष्मदर्शकाखाली मुलांना ते दाखवताना ते म्हणायचे, बघा, हृदय नाही तरी ठोका आहे.

नळ गळत असेल, त्यांच्या डोक्यातला शिक्षक म्हणाला. खालच्या मजल्यावर कोणी फरशी पुसत असेल.

दाराजवळची खडूची रेघ काळी पडली.

पांढरा खडू ओला झाला की दिसतो तशी. मग तिच्या पुढची. मग तिच्या पुढची. फरशीवर काहीच नव्हतं, आणि रेघा दारापासून खाटेपर्यंत एकेक करून भिजत येत होत्या. पंख्याची शेवटची रेघ भिजली. मावशीच्या बोटांनी मास्तरांचा हात आवळला.

पायाशी चादर दबली. कोणी तळवा ठेवावा तेवढीच. दाब घोट्यांवर आला, नडग्यांवर आला, गुडघ्यांशी मागे फिरला, पुन्हा आला. खुब्यापाशी तो बराच वेळ थांबला. आतला धातूचा सांधा जणू चाचपून पाहत होता. मास्तर ओरडले, निदान त्यांना तसं वाटलं. तोंड उघडलं होतं, आवाज नव्हता. त्यांनी दुसरा हातही मावशीच्या हातावर ठेवला आणि तिच्यावर ओणवे झाले.

मग त्यांच्या स्वतःच्या मनगटांवरून ते गेलं. गार, ओलं, सावकाश. त्यात राग नव्हता. लोभही नव्हता. आंधळा माणूस अनोळखी खोलीत भिंत चाचपतो तसं ते त्यांच्या कोपरांवरून, दंडांवरून, मानेवरून गेलं. मावशीचे पांढरे केस उशीवर चपटे झाले.

त्याच वेळी सावलीच्या कडेनं उन्हाची एक तिरीप खाटेवर पडली, आणि मास्तरांना क्षणभर दिसलं. पूर्ण नव्हे, फक्त कड. पाण्याच्या जाड थरासारखी पारदर्शक, आणि तिच्या आत रंग नसलेल्या नसांचं जाळं. नसांमधून काहीतरी एका दिशेनं धावत होतं. ते थांबलं. उलट वळलं.

उन्हानं कड आक्रसली. खिडकीची चौकट करकरली, गजांवरून एक ओला पट्टा खाली उतरला, आणि बाहेर पारव्यांचा थवा एकदम फडफडत उडाला.

६

साडेचारला मास्तरांना आवाज फुटला. "गेलं," ते म्हणाले, आणि त्यांना रडू कोसळलं. बावन्न वर्षांचा माणूस खाटेच्या कडेवर डोकं टेकून हमसून हमसून रडला. मावशीनं त्यांच्या डोक्यावर थोपटलं. तिचे केस ओले होते, चेहरा धुतल्यासारखा चमकत होता, आणि ती छताकडे बघत कसला तरी हिशेब जुळवत होती.

"मास्तर, तुझं ते पिवळं. जी जागा पुरती चाचपून झाली तिथं परत जातं का?"

"नाही."

"का नाही?"

"आपलाच माग लागतो त्याला. तिथं काही मिळालेलं नसतं..." मास्तर बोलता बोलता थांबले. त्यांनी मान वर केली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शिकवणारे ते होते, पण धडा आधी तिला समजला होता.

"म्हणजे बघ," मावशी सावकाश म्हणाली, "शहात्तर वर्षांची मी. पायाच्या नखापासून शेंडीपर्यंत तपासली. आणि माझ्यात खाण्यासारखं काही सापडलं नाही!"

ती हसायला लागली. आधी नाकातून, मग पोट धरून, खुबा दुखेपर्यंत. "आणि तू! एवढा अंगापिंडानं भरलेला! तुलाही हुंगून टाकून दिलं!"

मास्तरही हसले. डोळ्यांत पाणी, नाक वाहतंय, आणि हसू थांबेना. पाच वाजता रुग्णवाहिकेची माणसं खुर्ची घेऊन दारात आली तेव्हा दोघं तशीच हसत होती. माणसांनी फरशीवरच्या ओल्या रेघा पाहिल्या, पालथ्या वाट्या पाहिल्या, आणि काही न विचारता उभी राहिली.

"तुमची फेरी फुकट गेली बाबांनो," मावशी म्हणाली. "चहा घेऊन जा. मास्तर, मलाही टाक. आणि काहीतरी खायला दे, पोटात आग पडलीय."

मास्तर मात्र लगेच निर्धास्त झाले नाहीत. पुढचा आठवडाभर ते रोज दुपारी दोन ते चार तिच्या उशाशी बसले. फ्रीजचा आवाज आला, नळाचा आला, मावशीच्या घोरण्याचा आला. नव्या बशीतली बुरशी पाचव्या सकाळी आठही दाण्यांवर पोचली. तेरडा हळूहळू वळला, आणि एका सकाळी त्याची सगळी फुलं खिडकीकडे बघत होती. मास्तरांनी वही उघडून राहिलेले रकाने भरले. दोन्हीकडे एकसुद्धा नोंद सारखी आली नाही. ती वही मिटताना त्यांनी इतका लांब श्वास सोडला की मावशीनं विचारलं, परीक्षेला तू बसला होतास का?

ते काय होतं, कुठून आलं, खिडकीतून पुढं कुठं गेलं, हे त्यांना कधी कळलं नाही. खालच्या मजल्यावर त्यांनी आडून आडून विचारून पाहिलं. सगळे ठणठणीत होते.

७

दोन महिने पुरे व्हायला चार दिवस असताना मावशी जिना उतरली. पुढे ती व्यायामवाली मुलगी, मागे मास्तर, आणि मधे काठी टेकत, प्रत्येक पायरीला शिव्या देत मावशी. खाली अंगणात सिमेंटचा बाक होता. ती त्यावर बसली आणि तिनं मुलीला सांगितलं, "आता तू जा. तुझ्या दुसऱ्या म्हाताऱ्या वाट बघत असतील."

दोघंच राहिल्यावर तिनं काठी बाकाला टेकवून ठेवली.

"त्या दुपारी," ती म्हणाली, "दार तीन पावलांवर होतं. तुला पळता आलं असतं."

"सुचलं नाही."

"खोटं बोलू नकोस. लहानपणापासून तुला जमत नाही ते."

मास्तरांनी चपलेनं जमिनीवरचा खडा इकडून तिकडे ढकलला. "सुचलं होतं," ते म्हणाले. "एकदा. मग वाटलं, त्याला मधे कोणीतरी लागायला हवं. तुझ्यापर्यंत जायच्या आधी."

मावशीचा हात बाकावरून सरकत आला, त्यांच्या हातावर क्षणभर विसावला आणि उठला.

"ऊन गेलं इथलं," ती थोड्या वेळानं म्हणाली. "बाक पुढं घे जरा."

"सिमेंटचा आहे, मावशी. कसा घेणार?"

तिनं बाकाकडे पाहिलं. पलीकडे आठ-दहा पावलांवर पायरीचा कट्टा होता, उन्हानं पांढरा झालेला. मास्तर आधार द्यायला उठले. तिनं काठीनंच त्यांना बसवलं, एका हातानं बाकाची कड धरली आणि स्वतःला वर उचललं. एक पाऊल टाकलं. दम घेतला. दुसरं टाकलं. मास्तर श्वास रोखून मोजत होते, आणि नवव्या पावलाला मावशी उन्हात जाऊन बसली.